मीठ जेवणाऱ्याच्या डावीकडं

परीक्षा जवळ आली की पोरींच्या ताटात भात उरतो. कॅलेंडर बघावं लागत नाही. आधी भात उरतो, मग केसांना तेल लागायचं बंद होतं, मग जिना उतरताना ओठ हलायला लागतात. बाहेर कडुनिंबाची पानं गळून अंगण पिवळं झालेलं असतं, आणि आठ दिवसांआड येणारा नळ दहा दिवसांवर जातो. लातुरात आमच्या गल्लीला उन्हाळा असा लागतो. दुसरीकडं आंब्याला मोहोर येतो, आमच्याकडं पोरींना ताप.

पंचवीस वर्षं मी पोरी ठेवते. वरच्या दोन खोल्यांत चार पोरी, खाली मी. सकाळ-संध्याकाळचं जेवण माझ्याकडं, दुपारचा डबा त्या अभ्यासिकेत नेतात. मला लेकरू नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यानं मनात विचारत बसायला नको. आमचे हे गेले त्यालाही बरीच वर्षं झाली. पोरींना मी लेकी मानलं वगैरे काही नाही. लेक खोलीचं भाडं देत नसते. दोन वर्षं राहतात, डॉक्टरकीची परीक्षा देतात, गादी गुंडाळून जातात. जाताना पाया पडतात, आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या खिळ्यावर दुसरीची ओढणी लटकते.

यंदाच्या चारही पोरी गुणाच्या आहेत. फक्त आवाजाच्या नाहीत. चौघींच्या कानात फोनची बोंडं. जेवताना कानात, जिन्यात कानात, दोरीवर कपडे टाकतानासुद्धा कानात. धडा त्यांच्या कानात चालतो आणि घर मुकं राहतं. मी ग्रुपात सकाळी लिहिते, आज मेथी आणि वरण. चार अंगठे येतात. माझी आई जन्मभर अंगठा लावत गेली. मी चौथीपर्यंत शिकले, सही करते. आणि आता डॉक्टर व्हायला आलेल्या पोरी मला अंगठा पाठवतात.

असं मुकं घर मी आणखी एकदा पाहिलं होतं. गंमत अशी, की त्या वेळी घरात कुणीच नव्हतं आणि तरी आवाज मात्र होता.

ते टाळेबंदीचं वर्ष. परीक्षेला दीड-दोन महिने राहिले होते आणि पोरींच्या ताटात भात उरायला लागलाच होता. एका सकाळी सगळं बंद होणार म्हणाले. दोन दिवसांत गल्ली रिकामी. कुणाचा बाप मोटारसायकल घेऊन आला, कुणाचा मामा जीप घेऊन. माझ्या चौघी गेल्या त्या दोन पिशव्या घेऊन, पंधरा दिवसांत परत येणार म्हणून. पुस्तकं वर, गाद्या वर, दोरीवर एक टॉवेल. डबे माझ्या फळीवर, झाकणावर नावं कोरलेली.

त्यानंतरचं लातूर मला कुणी विचारलं तर मी आवाजानं सांगते. आमच्या गल्लीत एरवी सकाळी साठ कुकरांच्या शिट्ट्या होतात. त्या थांबल्या. शिकवणीच्या इमारतींवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो असतात, ते फलक उन्हात एका कोपऱ्यानं सुटले आणि वाऱ्यावर फटफट वाजायचे. पोलिसाची शिट्टी लांबून यायची. निंबाचा फुलोरा दारात पडायचा, त्याचा कडू-गोड वास घरात भरायचा, आणि झाडायला मी एकटी. मी रोज झाडत होते असंही नाही. कुणासाठी झाडायचं?

आमचा ग्रुप होता जेवणाचा. नाव ‘आजचा डबा’. लोह्याची वैष्णवी म्हणून एक पोरगी होती, बोलायला लागली की श्वास घ्यायचं विसरणारी. तिनंच तो काढला होता. पुतण्यानं मला त्याचा जुना टच फोन दिला, तेव्हा तिनं मला त्यात घातलं आणि शिकवलं, मावशी, हितं दाबायचं, बोलायचं, सोडायचं. मी सकाळी भाजी सांगायची, ज्यांना नको त्यांनी नको म्हणायचं. एवढंच काम.

पोरी गेल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी ग्रुप वाजला. वैष्णवीचा आवाज. मला वाटलं टॉवेल राहिला म्हणून विचारते. तर ती सांगत होती, झाडाच्या मुळातून पाणी वर कसं चढतं. पाच मिनिटांचं बोलणं. मग दुसरं. मग शिरूर अनंतपाळच्या पोरीचा प्रश्न, तिच्या वहीच्या पानाचा फोटो, त्यावर आणखी एकीचं उत्तर.

झालं होतं असं, की शिकवणीचे सर व्हिडिओ पाठवायचे, आणि खेड्यात तो चक्र फिरत उभा राहायचा. वैष्णवीच्या गच्चीवर तेवढी रेंज होती. ती पूर्ण बघायची आणि बाकीच्यांना आपल्या तोंडानं थोडक्यात सांगायची. नवा ग्रुप काढायचा कंटाळा, हा आयता होता.

तिनं मला फोन केला. "मावशी, तुम्हाला काढू का ग्रुपातून? दिवसभर टिंगटिंग वाजंल."

"वाजू दे," मी म्हटलं. "दुसरं काय वाजून राहिलंय हितं?"

तर मी राहिले. पोळ्या नव्हत्या लाटायच्या, दळण नव्हतं. दुपारी पंख्याखाली बसून मी झाडाचं पाणी, माणसाचं रक्त, बेडकाचं पोट असं ऐकत गेले. कळत नव्हतं असं नाही. अर्धं कळायचं. अर्धं कळलं तरी माणसाचा वेळ जातो. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. शिरूरची पोरगी माझ्या ओसरीवर बसून रडलेली मी पाहिली होती, दोनशे पोरांच्या वर्गात हात वर करायची लाज वाटते म्हणून. तीच पोरगी आता दिवसाला आठ प्रश्न विचारत होती. फोनात तिच्याकडं वळून बघणारं कुणी नव्हतं. आणि वैष्णवी? ती म्हणायची, "मावशी, सांगायला गेले की मला कळतं, मला काय कळलं न्हाई ते." फोनानं पोरं बिघडली म्हणणारी माणसं माझ्या दारात रोज येतात. चुलीनंही घरं जळतात. म्हणून कुणी कच्चं खात नाही.

चौघींत तिघीच बोलत होत्या, हे मला आठवड्यानं जाणवलं. वाढणारीला ताटं मोजायची सवय असते. शाहीन नव्हती.

शाहीन बिलोलीची. बाप शिंपी. चौघींत सगळ्यात कमी बोलणारी आणि सगळ्यात आधी उठणारी. तिच्या बापाचा नंबर मिठाच्या बरणीमागं भिंतीवर पेन्सिलीनं लिहिलेला होता, तो मी माझ्या जुन्या बटणाच्या फोनवरून लावला.

"मौशी," ती म्हणाली, "आमच्याकडं टच फोन न्हाई. भाईचा होता, तो हैदराबादला अडकलाय. मी हितं पुस्तक वाचते. पण आर्धं कळत न्हाई."

मग तिच्या बापानं फोन घेतला. मागं शिलाईची मशीन चालू होती, ती थांबली. "आपा, सलाम," तो म्हणाला. "तुमच्यापासून काय लपवायचं? माझी बहीण रोज येऊन बसती. म्हणती पोरगी घरात बसली, स्थळ चांगलं हाय, निकाह लावून टाक. मी तिला बोललो, इम्तिहान होईपर्यंत मी कुणाला जबान देत न्हाई. पण पढाई चालू दिसाय पाहिजे आपा. बंद पडली तर मला बोलाय तोंड न्हाई."

मी म्हटलं, "दुपारी दोनला फोन मोकळा ठेवा."

युक्ती माझीच. शाहीनचा डबा फळीवरून काढला, तिचं नाव कोरलेला. रिकाम्या स्टीलच्या डब्यात टच फोन उभा ठेवला की आवाज मोठा होतो, हे मला भजनाच्या बायकांनी शिकवलं होतं. डब्याच्या तोंडाशी बटणाचा फोन धरायचा. वैष्णवीचा आवाज डब्यातून निघायचा आणि बिलोलीला जायचा. लोहा आणि बिलोली दोन्ही नांदेड जिल्ह्यात. त्या दोघींना बोलायला लातुरातल्या म्हातारीच्या स्वयंपाकघरातून जावं लागत होतं.

दोन वाजता मी नंबर लावायची. मशीनचा घरघराट यायचा, मग तो थांबायचा. बाप म्हणायचा, "पढू द्या पोरीला." तासभर मशीन गप्प. त्याचं दुकान बंद, घरी बसून तो तोंडाला बांधायच्या पट्ट्या शिवत होता, तेवढंच काम होतं. त्यातला एक तास तो रोज पोरीला द्यायचा. मी त्याला कधी पाहिलेलं नाही. पण मशीन थांबली की मला वाटायचं, एक चांगला माणूस समोर बसलाय.

धडा संपला की शाहीन विचारायची, "मौशी, आज डबा काय?"

आता सांगते. त्या दिवसांत मी सकाळी दोन भाकरी थापायची आणि दोन्ही वेळ ठेच्याबरोबर खायची. एकटीसाठी फोडणी घालायला हात उठत नाही. पण पोरीला ठेचा काय सांगायचा? मी सांगायची कढी, खिचडी, आज भरली वांगी. ती तिकडं "अल्ला!" म्हणायची, आणि मलाही जरा जेवल्यासारखं वाटायचं.

एकदा म्हणाली, "मौशी, बाजार तर बंद हाय. वांगी कुठून आणली?"

"परसातली."

"तुमच्याकडं परस कुठं हाय? मागं तर टाकी हाय."

"टाकीमागं लावलीत."

"टाकीमागं भिंत हाय, मौशी."

मी म्हटलं, "तुला अभ्यास करायचाय का माझी भिंत मोजायचीय?" दोघी हसलो. मागून बापही हसला. फोन ठेवल्यावर हसू घरात बराच वेळ एकटंच फिरत होतं.

आवाजाचे धडे सोपे होते. अडचण चित्रांची. वैष्णवी वहीत काढून फोटो टाकायची, आणि बटणाच्या फोनात चित्र जात नाही. तेव्हा चित्र मी सांगायची. इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत. मी आपली स्वयंपाकघरातून सांगायची. किडनी सांगितली ती अर्ध्या काजूसारखी. पेशीतलं ते एक असतं, ते भुईमुगाच्या शेंगेसारखं, आत शेवया दुमडून भरलेल्या. शाहीन तिकडं काढायची आणि म्हणायची, "जमलं मौशी."

मग काळजाचा धडा आला. हृदय. मी सांगितलं, पेरू घे, उभा काप. आत चार खोल्या. वरच्या दोन लहान, खालच्या दोन मोठ्या. खालच्या उजव्या खोलीची साल जाड, डाव्या खोलीची पातळ.

शाहीन थांबली. "मौशी, वैष्णवी तर म्हणाली डाव्या बाजूची जाड. डावी बाजू सगळ्या अंगाला रक्त फेकती, म्हणून जाड."

मी फोटो पुन्हा बघितला. जाड साल माझ्या उजव्या हाताला होती. स्वच्छ दिसत होती.

"उजवीच जाड," मी म्हटलं. "चित्र माझ्यापुढं हाय का तुझ्यापुढं?"

"तुमच्यापुढं."

"मग मी सांगते तसं काढ. वैष्णवी घाईत बोलती."

पोरगी गरीब. मोठ्या माणसानं सांगितलं ते तिनं काढलं. वैष्णवीनं सांगितलेलं होतं ते खोडलं. चार दिवस मी तिला सगळं काळीज असंच शिकवलं, हे रक्त इकडून येतं, ते तिकडून जातं. आणि खोटं कशाला बोलू, मला मोठं गोड वाटत होतं. चौथी शिकलेली बाई डॉक्टरकीचं शिकवून राहिली. गावाकडं शाळा सुटली तेव्हा मी रडले नव्हते, शेळ्या होत्या आणि पाठचे भाऊ होते. पण खडू हातात घ्यायची हौस कुठंतरी दडून बसली असणार. ती नको तिथं वर आली.

पाचव्या दिवशी वैष्णवीनं ग्रुपात वीस प्रश्न टाकले. शाहीनची उत्तरं मी फोनवर ऐकून आकडे लिहून पाठवली. विसातले अकरा चुकले. बाकीच्यांचे दोन-तीन.

शाहीननं त्या दिवशी डबा विचारला नाही. नुसतं म्हणाली, "मौशी, मला वाटतं हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी फोन लावला. बापानं उचलला. मागं मशीन चालू होती. मी वाट बघितली. मशीन थांबली नाही. तो पायानं चालवत चालवतच बोलला, "आपा, ती नको म्हणती. रोती. माझी बहीण आत बसलीय. काय करू, बोला?"

मी फोन ठेवला.

ती दुपार मला अजून दिसते. पंखा बंद, वीज गेलेली. फळीवर तीन डबे, चौथा माझ्यापुढं रिकामा. अकरा चुकले कसे? ही पोरगी वर्गात पुढं असायची. मी ग्रुपातले प्रश्न पुन्हा ऐकले, उत्तरं पुन्हा ऐकली. चुकलेलं सगळं डाव्या-उजव्याचं होतं. मग आयुष्यात पहिल्यांदा मी त्या ग्रुपात भाजीशिवाय काही बोलले. दाबून धरलं आणि म्हटलं, "वैष्णवी, तुझ्या चित्रात जाड साल उजवीकडं हाय आन् तू डावी म्हणती. खरं कोण?"

ती हसत सुटली. "मावशी, तो समोर तोंड करून उभा राहिलेला माणूस हाय असं धरायचं. त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येती."

तरी मला उमगेना. समोर कुठला माणूस? घरात मी एकटी. बराच वेळ बसून राहिले. मग काय मनात आलं, एक ताट घेतलं, पाट मांडला, ताट पाटापुढं ठेवलं आणि पंगतीत उभं राहतात तशी त्या रिकाम्या पाटासमोर वाकून उभी राहिले. मिठाच्या बरणीत बोटं घातली आणि चिमूट सोडली.

चिमूट माझ्या उजव्या हाताला पडली.

मीठ डावीकडं वाढायचं, हे मी पोलक्यात होते तेव्हापासून करते. लग्नाच्या पंगती वाढल्या, तेराव्याच्या वाढल्या, या पोरींच्या हजारो वेळा वाढल्या. पण डावीकडं म्हणजे जेवणाऱ्याच्या. वाढणारीच्या नव्हे. माझ्या हाताला हे ठाऊक होतं. एकदाही चुकला नव्हता. आणि तोंडानं मी पोरीला चार दिवस वाढणारीची डावी-उजवी शिकवली.

मी त्या पाटाकडं बघत उभी होते. कुणी बसलेलं नव्हतं. तिथं कुणी बसलेलं असतं तर ही चूक मी केलीच नसती, असं मला वाटलं. एकटं राहिलं की माणूस सगळं आपल्याच बाजूनं बघायला लागतो.

फोन लावला. बापानं उचलला. मशीन चालूच.

"मशीन बंद करा," मी म्हटलं.

तो घाबरला असावा. बंद केली.

"पोरगी चुकली न्हाई. मी चुकले. तुमच्या बहिणीला ऐकू येऊ द्या पाहिजे तर. मी उलटं शिकवलं. फोन द्या तिला."

शाहीन आली. मी तिला म्हटलं, माझं चुकलं. हे शब्द मी आमच्या ह्यांनाही कधी म्हटले नव्हते, आणि म्हणायच्या जागा पुष्कळ होत्या. मग मी ताटाचं सांगितलं. "आठव, मी समोर उभी राहून तुला वाढायची. मीठ कुठं पडायचं?"

"माझ्या डावीकडं."

"आन् माझ्या?"

तिकडं पान उलटल्याचा आवाज. मग पेन्सिल. "मौशी," ती म्हणाली, "आमच्यात दस्तरखानावर असं वाढत न्हाईत. पण तुमच्याकडं दोन वर्षं जेवले ना." आणि थोड्या वेळानं, "ते अकरा बरोबर आलेत मौशी. सगळे."

मागं बाप कुणालातरी सांगत होता, "पढाई चालू हाय बोल्लो ना."

ती म्हणाली, "आज डबा काय?"

मी म्हटलं, "ठेचा-भाकर. रोजच ठेचा-भाकर असती."

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली.

परीक्षा पुढं ढकलत ढकलत पावसाळ्यात गेली. तोवर रोज दोनला फोन लागला. तोंडाला पट्टी बांधून बापाच्या मागं गाडीवर बसून ती नांदेडला गेली आणि पेपर लिहून आली. गोष्टीत असतं तर ती डॉक्टर झाली असती. नाही झाली. वैष्णवी झाली. शाहीनला मार्क कमी पडले. पण बापानं जबान दिली नाही ती नाहीच, पुढंही नाही. ती नांदेडला कॉलेजात शिकली, बी.एस्सी. झाली. हे तिनं मला ईदेला फोन करून सांगितलं. दोन ईदा फोन आला. मग आला नाही.

ग्रुपातून एकेक पोरगी निघून गेली. कोण बाहेर पडलं ते तिथं लिहून येतं, घरातून जाताना निदान पाया तरी पडतात. शाहीननं फोन घेतला तेव्हा वैष्णवीनं तिला त्यात घातलं होतं, आणि मग वैष्णवीही गेली. आता ‘आजचा डबा’मध्ये आम्ही दोघी. ती काही लिहीत नाही, मीही लिहीत नाही. यंदाच्या पोरींचा ग्रुप वेगळा आहे, अंगठ्यांचा. मी रागावलेली नाही. पोरींनी पुढंच जायचं असतं, मागं बघत चाललं तर ठेच लागते. पण दुपारचे दोन वाजले की माझं लक्ष अजून भिंतीवरच्या त्या पेन्सिलीच्या आकड्यांकडं जातं. घराला चुना दिला तेव्हा तेवढा हातभर तुकडा मी सोडायला लावला.

परवाची गोष्ट. यंदाच्या चौघींतली ऋतुजा, तीही शिरूर अनंतपाळकडचीच, उशिरा जेवायला खाली आली. कानातलं बोंड मोडलेलं. "मावशी, फोन मोठ्यानं लावला तर चालंल का? उद्या टेस्ट हाय."

"लाव की," मी म्हटलं. माझा मिक्सर चालू होता, शेंगदाण्याची चटणी. तिनं फोन तांब्याला टेकवून ठेवला आणि भरल्या वांग्याच्या रश्शात भात कालवायला लागली. या दिवसांत कालवतातच नुसता.

फोनातून आधी कुणी बोललं नाही. घरघराट आला. मला वाटलं माझाच मिक्सर. मी बटण बंद केलं. घरघराट चालूच होता, फोनात. मग तो थांबला.

माझा हात झाकणावर तसाच राहिला. आवाज यायच्या आधी मला कळलं होतं.

"चला, आज हृदय," ती म्हणाली. आवाज भरलाय आता, पण घाई नाही, तेव्हाही नव्हती. "चित्रात डावं-उजवं सगळ्यांचं चुकतं. माझं अकरा ठिकाणी चुकलं होतं. आता डोळे मिटा. तुम्ही पंगतीत वाढताय, समोर माणूस बसलाय. मीठ कुणाच्या डावीकडं? जेवणाऱ्याच्या. वाढणारीच्या न्हाई. जे समोर बसलंय, त्याच्या बाजूनं बघायचं. आता पेरू घ्या, उभा कापा."

ऋतुजा म्हणाली, "ह्या मॅडम लई भारी सांगतात मावशी. बिलोलीच्या आहेत. आमच्याकडं सगळ्या पोरी ह्यांनाच ऐकतात. फुकट टाकतात सगळं."

"जेव तू," मी म्हटलं.

तिला सांगावं असं एकदा ओठावर आलं. सांगितलं असतं तर तिनं मधेच थांबवलं असतं, विचारत बसली असती, आणि धडा मोडला असता. मी चटणी तशीच ठेवून उभी राहिले. चारही खोल्या झाल्या, झडपा झाल्या, जाड भिंत झाली. कुठंही चुकली नाही. शेवटी ती म्हणाली, झालं आजचं, आणि बंद करायच्या आधी, अगदी क्षणभर, मागं मशीन पुन्हा सुरू झालेली ऐकू आली.

ऋतुजानं ताट बघितलं आणि हसली. भात संपला होता. मी तिच्या डाव्या हाताला चटणी वाढली, मिक्सर धुतला, आणि ती वर गेल्यावर फोन घेऊन बसले. जुना ग्रुप शोधायला वेळ लागला, खाली खाली गेला होता. दाबून धरलं.

"शाहीन," मी म्हटलं, "आज भरली वांगी हायत. खरी."